अनुभवाची सूट

एका धंद्यांत आठ-दहा वर्षें घालविलेला मनुष्य शेजारच्या दुसऱ्या धंद्यांत जाऊं लागला, म्हणजे त्याच्या पूर्वीच्या अनुभवाची किंमत कोणी, किती व कशानें मोजावी, हा प्रश्न केवळ व्यवहाराचा म्हणून सोडून देण्याची आपली संवय आहे. विद्यालयाचे चालक कागद पाहून ती किंमत ठरवितात, आणि उमेदवार जेथें अधिक सूट मिळेल तेथें नांव घालतो. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यांत तिसऱ्यानें पडूं नये हें खरें. परंतु ज्या धंद्यांत चुकीचा दंड तिसऱ्यालाच भरावा लागतो, तेथें ही देवघेव दोघांची राहत नाहीं. रुग्णपरिचर्या हा असा धंदा आहे.

हा विचार आमच्या मनांत येण्यास एक पत्र कारण झालें. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा न्यू जर्सींत लहानाचा मोठा झाला, आणि गेलीं आठ वर्षें तो रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक म्हणून काम करीत आहे. आतां त्याला नर्स व्हावयाचें आहे. त्याच्यापुढें तीन वाटा आहेत: दोन वर्षांची असोशिएट पदवी, चार वर्षांची बॅचलर पदवी, आणि 'पॅरामेडिकांसाठीं खास' अशी जाहिरात केलेला, बराचसा घरीं बसून पुरा होणारा एक छोटा अभ्यासक्रम. यांतली कोणती वाट धरावी, असें बापानें आम्हांस विचारलें आहे. आणि पत्राच्या शेवटीं, कांहींशा ओशाळलेपणानें, 'मुलगा असून नर्स?' अशीही एक ओळ आहे.

या दुसऱ्या शंकेचें उत्तर आधीं देऊन टाकतों, कारण तें लहान आहे. चरकानें चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. यांतला परिचारक पुल्लिंगी आहे, आणि त्याबद्दल त्या ग्रंथकारास संकोच वाटलेला दिसत नाहीं. पुण्यांत १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें सेवासदन निघालें, आणि पुढें तेथील स्त्रिया ससून रुग्णालयांत परिचर्या शिकूं लागल्या, तेव्हां 'बाई असून नर्स?' असें आपल्याच घरांतून विचारलें जात होतें. तेव्हां बाई म्हणून नको, आतां पुरुष म्हणून नको; तात्पर्य इतकेंच कीं, आजाऱ्याचें अंग पुसण्याचें काम दुसऱ्या कोणीं तरी करावें.

आतां मूळ प्रश्न. अमेरिकेंतील पॅरामेडिक हा नुसता गाडीवाला नव्हे. हृदय बंद पडलेल्या मनुष्यास विजेचा धक्का देणें, श्वासनलिकेंत नळी घालणें, चालत्या गाडींत शीर शोधून औषध सोडणें, हीं कामें तो डॉक्टर समोर नसतांना, लेखी नियमांच्या आधारें आणि स्वतःच्या निर्णयावर करतो. तरी २०२३ च्या मे महिन्यांतील तेथील सरकारी आंकड्यांप्रमाणें पॅरामेडिकाचें मधलें वार्षिक वेतन सुमारें ५३,००० डॉलर होतें, आणि नोंदणीकृत नर्सचें सुमारें ८६,०००. त्यांत रात्रपाळ्या आल्या, कित्येक ठिकाणीं चोवीस तासांची सलग पाळी आली, जिन्यावरून माणसें उचलून उतरवितांना मोडणारी पाठ आली. आणि वर चढण्यास शिडीला पायऱ्या फार थोड्या. पस्तिशीच्या घरांतला, बायकामुलांचा मनुष्य यांतून बाहेर पडूं म्हणतो, तेव्हां त्यानें सेवेकडे पाठ फिरविली असें म्हणणारे लोक आम्हांस भेटले आहेत. ते बहुधा रात्रीं आपल्या अंथरुणांत झोपतात.

त्याच्या अनुभवाला किंमत देऊं नये असें मात्र आम्हांस म्हणावयाचें नाहीं. उलट अशी किंमत न देण्यांत केवढा अन्याय असूं शकतो, याचें उदाहरण या धंद्याच्या जन्मकथेंतच आहे. १९६६ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन मंडळानें अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला, आणि त्या देशांतील रुग्णवाहिकांची शोचनीय स्थिति उघड केली. त्या काळीं निम्म्या सुमाराच्या रुग्णवाहिका अंत्यसंस्कार करणाऱ्या दुकानदारांच्या होत्या; आडवा मनुष्य नेतां येईल अशी गाडी गांवांत त्यांच्याचपाशीं असे. १९६७ सालीं पिट्सबर्ग शहरांत फ्रीडम हाउस या नांवाची रुग्णवाहिका-सेवा सुरू झाली. पीटर सेफर या डॉक्टरानें तिचें शिक्षण आंखलें, आणि 'हिल' नांवाच्या वस्तींतील, ज्यांना कोणी नोकरी देत नव्हतें अशा काळ्या तरुणांना तें दिलें. पुढें नॅन्सी कॅरोलाइन या डॉक्टर बाईनें त्यांच्याबरोबर गाडींत बसून त्यांना तयार केलें, आणि त्या अनुभवावरून लिहिलेलें तिचें पुस्तक देशभर या विद्येचें पाठ्यपुस्तक झालें. १९७५ सालीं शहरानें स्वतःची सेवा काढली व फ्रीडम हाउस बंद पडलें. तेथील माणसांना नव्या सेवेंत घेतलें खरें; पण त्यांच्यापुढें नव्या परीक्षा आल्या, त्यांच्यापेक्षां कमी जाणणारे लोक त्यांच्यावर अधिकारी झाले, अनेकांना दुय्यम कामांवर टाकलें, आणि बहुतेकांना कालांतरानें निघून जावें लागलें. ज्यांनीं विद्या उभी केली त्यांनाच त्या विद्येच्या दारांत अडविण्याचा हा प्रकार! परीक्षेच्या नांवाखालीं असें झाल्यामुळें तो अधिक लागतो. जॉन मून नांवाचे एक गृहस्थ मात्र टिकले, आणि त्या शहर-सेवेंत साहाय्यक प्रमुखाच्या जागेपर्यंत चढले.

म्हणून आठ वर्षें रोज शिरेंत सुई घालणाऱ्या मनुष्यास रबरी हातावर सुई घालून दाखविण्यासाठीं सहा महिने वर्गांत बसविणें, हा आमच्या मतें त्याचा अपमान आहे, आणि शिक्षणाचाही. त्याची परीक्षा घ्यावी, आणि उतरला कीं पुढें सोडावें. ड्यूक विद्यापीठांत १९६५ सालीं डॉक्टर स्टेड यांनीं हेंच अधिक उदारपणें केलें. नौदलांतून परतलेल्या चार वैद्यकीय सैनिकांना घेऊन त्यांनीं दोन वर्षांचा एक अभ्यासक्रम सुरू केला, आणि त्यांतून 'फिजिशियन असिस्टंट' हा नवाच धंदा जन्मास आला. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, त्या सैनिकांचा अनुभव तेथें पाया म्हणून धरला, आणि वर दोन वर्षांचें काम चढविलें. अनुभव आहे म्हणून इमारतच नको, असें स्टेड म्हणाले नाहींत.

पॅरामेडिकास काय येतें हें सांगून झालें. काय येत नाहीं हें तो स्वतः सहसा सांगत नाहीं; तें दडविण्याचा त्याचा हेतु नसतो, तर तें त्याच्या दृष्टीसच कधीं पडलेलें नसतें. त्याचा आणि रोग्याचा संबंध अर्ध्या-पाऊण तासाचा. रुग्णालयाच्या दारांत तो रोग्यास दुसऱ्याच्या हवालीं करतो, दोन वाक्यांत हकीकत सांगतो, गाडी धुतो, आणि पुढच्या हांकेस निघतो. त्या मनुष्याचें पुढें काय झालें हें बहुतेक वेळां त्याला कळतही नाहीं. चरकानें परिचारकाचे जे चार गुण सांगितले, त्यांतील दाक्ष्य, म्हणजे हाताची व बुद्धीची तत्परता, या मनुष्यापाशीं आपल्यापैकीं कोणाहीपेक्षां अधिक असेल. शौचाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पण उपचारज्ञता आणि रोग्याविषयींचा अनुराग हे दोन गुण वेळेवर अवलंबून आहेत, आणि वेळ हीच वस्तु रुग्णवाहिकेंत नसते. चरक परिचारकास 'उपस्थाता' असेंही म्हणतो. जवळ उभा राहणारा, असा त्याचा अर्थ. रुग्णवाहिकेवरच्या मनुष्याचा सारा अभ्यास धांवत जाण्याचा आहे.

एक साधें उदाहरण घेऊं. शय्याव्रण, म्हणजे पडून राहिल्यानें पाठीस किंवा टांचेस होणारी जखम, ही तांतडीच्या उपचारांत कोणी मोजीत नाहीं. ती एका तासांत होत नाहीं, आणि झाल्यावर एका तासांत बरी होत नाहीं. ती होऊं नये म्हणून रोग्याची कूस वेळच्यावेळीं, पुष्कळ ठिकाणीं दर दोन तासांनीं, बदलावी लागते. त्याच्या खाण्याकडे पाहावें लागतें, ओल पाहावी लागते, टांचेवरची थोडीशी लाली ओळखावी लागते. आणि हें सर्व यथास्थित केलें, तर दिसण्यासारखें कांहींच घडत नाहीं. ज्या मनुष्याला घडलेल्या गोष्टीकडे धांवण्याची आठ वर्षें संवय आहे, त्याला न घडलेल्या गोष्टीची राखण करणें शिकवावयाचें आहे. मधुमेही म्हाताऱ्याला घरीं पाठवितांना इन्सुलिनची मात्रा आणि जेवणाची वेळ त्याच्या सुनेला चार वेळां समजावून सांगणें, बाळंतिणीचा दुसरा दिवस, मनोरुग्णाचें दीर्घ मौन, एकाच पाळींत चार-पांच रोगी सांभाळून त्यांतील कोणाकडे आधीं जावें याचा विवेक, हें सर्व त्याच जातीचें आहे. कॅलिफोर्नियांत २००५ पासून साधारण वॉर्डांत एका नर्सकडे पांचांपेक्षां अधिक रोगी देऊं नयेत असा नियम आहे. म्हणजे पांच ही संख्या तेथें मर्यादा समजली जाते. पॅरामेडिकापुढें बहुधा एका वेळीं एकच रोगी असतो.

अनुभव असलेल्या मनुष्यास 'असें होतें' हें ठाऊक असतें आणि शास्त्र जाणणाऱ्यास 'कां होतें' हें ठाऊक असतें, असा भेद ॲरिस्टॉटलनें केला, आणि प्रत्यक्ष कामांत पहिलाच पुष्कळदां अधिक यशस्वी होतो असेंही प्रांजळपणें म्हटलें. आम्हांस त्यांत एवढीच भर घालावीशी वाटते कीं, अनुभवी मनुष्याचें अज्ञान नवशिक्याच्या अज्ञानापेक्षां अधिक कठीण असतें. नवशिक्यास आपण रिकामे आहों हें ठाऊक असतें, म्हणून तो विचारतो.

तिसऱ्या वाटेला अमेरिकेंत 'ब्रिज', म्हणजे सेतु, म्हणतात. सेतूचा गुण हा कीं, पाण्यांत न उतरतां पलीकडे जातां येतें. आणि जाहिरातदार त्याच गुणाची विक्री करतात. आतां त्यांतले सर्वच सेतु वाईट आहेत असें नाहीं. कांहीं विद्यालयें पॅरामेडिकाला जें येतें तें तपासून तेवढेंच वगळतात, आणि त्यानें वांचलेला वेळ बाळंतिणीच्या, मुलांच्या व मनोरुग्णांच्या वॉर्डांत त्याच्याकडून भरून घेतात. अशा ठिकाणीं सूट ही केवळ नांवाची सूट. खरें तर ती अदलाबदल असते. दुसरीं कांहीं विद्यालयें नुसता वेळ वगळतात. दोघांच्याही माहितीपत्रकांवर हंसऱ्या चेहऱ्यांचीं चित्रें सारखींच असतात.

दोन वर्षें कीं चार वर्षें, हा वाद त्या देशांत साठ वर्षांवर चालला आहे. मिल्ड्रेड मॉन्टॅग या विदुषीच्या कल्पनेनुसार १९५२ पासून दोन वर्षांचें शिक्षण सुरू झालें. १९६५ सालीं तेथील परिचारिकांच्या संघानें 'धंद्यास बॅचलर पदवीच हवी' असा पक्ष घेतला. आणि तरीही परवान्याची परीक्षा आजतागायत दोघांना एकच आहे. नॉर्थ डकोटा राज्यानें पदवीची सक्ति करून पाहिली, आणि २००३ सालीं ती उठविली. त्याच वर्षीं लिंडा एकन यांचा पेन्सिल्व्हेनियांतील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत पदवीधर नर्सांचें प्रमाण शेंकडा १० नें अधिक असलेल्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या रोग्यांची तीस दिवसांच्या आंत दगावण्याची शक्यता शेंकडा ५ नें कमी आढळली. आम्ही स्वतः पदव्यांचा व्यापार जवळून पाहिलेला असल्यामुळें पदवीच्या चमत्कारावर आमचा विश्वास बेताचाच आहे. असा संबंध दिसला म्हणजे कारणच सांपडलें असेंही नव्हे. तरी हा आंकडा झटकून टाकण्यासारखा नाहीं. न्यूयॉर्क राज्यानें २०१७ च्या डिसेंबरांत मधली तोड काढली: आधीं परवाना घ्या, कामास लागा, आणि दहा वर्षांच्या आंत बॅचलर पदवी पुरी करा. बायकामुलांच्या मनुष्याला ही तोड आम्हांस शहाणपणाची वाटते.

परंतु दोन आणि चार यांच्या हिशेबाखालीं जो खरा प्रश्न दडलेला आहे, तो २०२३ च्या जानेवारींत भर चव्हाट्यावर आला. फ्लॉरिडा राज्यांतील तीन विद्यालयांच्या नांवानें नर्सिंगचीं ७,६०० हून अधिक खोटीं प्रमाणपत्रें विकलीं गेल्याचें उघडकीस येऊन पंचवीस जणांवर खटले झाले. सरकारनें या कारवाईस 'नाइटिंगेल' हें नांव दिलें होतें. प्रमाणपत्र घेणाऱ्यांना परवान्याची परीक्षा द्यावीच लागे, आणि त्यांच्यापैकीं सुमारें २,४०० लोक ती उत्तीर्ण झाले! त्यांत कनिष्ठ दर्जाच्या नर्सचें काम आधींपासून करणारेही होते. त्यांच्या हातून कोणा रोग्यास इजा झाल्याचें आढळलेलें नाहीं, असें तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांनीं त्या वेळीं सांगितलें.

येथें आमच्यासारख्या शिक्षकाची खरी कसोटी आहे. परीक्षा उत्तीर्ण झाले, इजा कोणास झाली नाहीं, कामाचा कांहीं अनुभवही होता. मग बिघडलें काय? खोटें बोलणें वाईट, हें उत्तर खरें आहे, पण अपुरें आहे. समजा, उद्यां कायद्यानेंच म्हटलें कीं परीक्षा द्या आणि परवाना घ्या, विद्यालयाची गरज नाहीं. मग खोटें उरणार नाहीं. तेव्हां तरी आम्ही संतुष्ट होऊं काय?

आम्ही होणार नाहीं. आणि गंमत अशी कीं, जिच्या नांवानें ही धरपकड झाली ती बाईही झाली नसती. १८८७ नंतर इंग्लंडांत नर्सांची परीक्षा व नोंदणी व्हावी अशी चळवळ सुरू झाली, तेव्हां फ्लॉरेन्स नाइटिंगेलनें तिला कडकडून विरोध केला. नर्सचा खरा गुण कागदावर परीक्षितां येत नाहीं, तो तिच्याबरोबर वॉर्डांत राहणाऱ्या वरिष्ठ स्त्रीलाच कळतो, असें तिचें म्हणणें होतें. १९१० सालीं ती वारली, आणि १९१९ सालीं नोंदणीचा कायदा झाला. तो व्हावयास हवाच होता. कारण वरिष्ठ स्त्रीचाही पक्षपात असतो, आणि फ्रीडम हाउसच्या माणसांना असल्याच वरिष्ठांनीं घालविलें. पण तिच्या हट्टांतील सत्य कायद्यानें नाहींसें झालें नाहीं. परीक्षा ही एक साक्ष आहे. शिकणारा हा चुकतांना कोणीं तरी पाहिला आहे, चूक कबूल करतांना पाहिला आहे, कंटाळतांना पाहिला आहे, आणि तरीही 'याच्या हातीं रोगी द्या' असें म्हणण्यास तो पाहणारा तयार आहे, ही दुसरी साक्ष. रोगी बेशुद्ध असतो, किंवा भ्यालेला असतो. त्याला स्वतः कांहींच तपासतां येत नाहीं. म्हणून त्याच्या वतीनें या दोन साक्षी घेतल्या जातात. खोटें प्रमाणपत्र घेणाऱ्यानें त्यांतली दुसरी साक्ष बनावट आणली. त्यांतून दुखापत झाली नाहीं, हें रोग्याचें दैव. त्यामुळें गुन्हा कमी होत नाहीं.

या कसोटीवर पाहिलें तर त्या तीन वाटांचा प्रश्न पुष्कळच सोपा होतो. घरीं बसून शरीरशास्त्र शिकण्यास आमची हरकत नाहीं. पुस्तक घरींही तेंच असतें. राज्याच्या मंडळाची मान्यता आहे कीं नाहीं, दुसऱ्या राज्यांत तो परवाना चालेल कीं नाहीं, हेंही पाहावेंच; न्यूयॉर्कमधील एका दूरशिक्षणाच्या विद्यालयाचे पदवीधर कॅलिफोर्निया राज्यानें २००३ नंतर घेण्याचें नाकारलें, तेव्हां शेंकडों मैलांवरच्या लोकांचे बेत फसले. पण हीं वकिली तपासणी झाल्यावर विचारावयाचें तें हें: येथें मी रोग्यांजवळ किती तास उभा राहीन, आणि त्या तासांत मला पाहणारें कोण असेल? ज्या विद्यालयाला या प्रश्नाचें सरळ उत्तर देतां येत नाहीं, तें चार वर्षांचें असलें तरी आम्ही सोडूं. आणि ज्याला तें येतें, तें दीड वर्षाचें असलें तरी चालेल.

यावर एक आक्षेप आम्हांस दिसतो. पेन्शनच्या आशेवर बसलेल्या प्राध्यापकानें दुसऱ्याच्या मुलास 'अधिक तास घाल' म्हणणें फार सोपें आहे. त्या अधिक तासांत घराचा हप्ता कोण भरणार? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें पुरें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. रात्रीं रुग्णवाहिका आणि दिवसा वॉर्ड असें दोन-अडीच वर्षें करणाऱ्याच्या अंगांत अनुराग कोठून राहील? राज्यानें किंवा रुग्णालयानें त्या काळाचा पगार द्यावा, हेंच न्यायाचें. कांहीं रुग्णालयें पुढील नोकरीच्या बोलीवर फीचा भार उचलतात, तें पाहून घ्यावें. परंतु वेळ परवडत नाहीं हें खरें असलें, तरी त्यावरून वेळेची गरज नाहीं असें निघत नाहीं. ही दोन वाक्यें निराळीं आहेत, आणि 'पॅरामेडिकांसाठीं खास' अशा जाहिराती तीं हळूच एक करून टाकतात.

आणखी एक गोष्ट आहे, ती फीपेक्षां कठीण आहे. गाडींत हा मनुष्य पहिल्या दहा मिनिटांचा राजा होता. वॉर्डांत त्याला, नळी घालणें येत असूनही, बहुधा घालतां येणार नाहीं. औषध ठाऊक असूनही डॉक्टरच्या आज्ञेची वाट पाहावी लागेल. आणि त्याच्याहून दहा वर्षांनीं लहान अशी एखादी नर्स 'टांचा पाहिल्यास काय?' असें त्याला विचारील. त्या वेळीं 'मी मरणाच्या दारांतून माणसें आणलीं आहेत' असें त्याच्या ओठांवर येईल, आणि तें खरेंही असेल.

म्हणून त्याच्या बापास आम्हीं असें कळविलें आहे कीं, नांव घालण्यापूर्वीं मुलानें ओळखीच्या एखाद्या रुग्णालयांत परवानगी काढून एक रात्र साध्या वॉर्डांत, जुन्या नर्सच्या मागें मागें, हात न लावतां काढावी. अपघात-विभागांत नव्हे, तेथें त्याला घरच्यासारखें वाटेल. पहाटे तीनच्या सुमारास, कोणाचें कांहीं बिघडलेलें नसतें, दिवे मंद असतात, आणि खिडकीजवळच्या खाटेवरची म्हातारी तेंच पाणी तिसऱ्यांदा मागते, तेव्हां आपल्या मनांत काय येतें तें त्यानें पाहावें. नंतर तिन्ही विद्यालयांचीं पत्रकें पुढें घेऊन बसावें. अशा रात्रीं किती द्यावयाच्या, तें तासांच्या कोष्टकांत असतें. आणि तें कोष्टक बहुधा शेवटच्या पानावर, बारीक टाइपांत छापलेलें असतें.